एक शब्द, अनेक प्रकरणे : मराठी संतकवींचे परमेश्वरवर्णन

विषयप्रवेश

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर, सोलापूर-धुळे मार्गावर तेरखेडा हे गाव आहे. आज फटाक्यांच्या उद्योगामुळे ते सर्वत्र परिचित आहे. परंतु मराठी परमार्थवाङ्मयाच्या अभ्यासकाने ह्या गावास मध्यबिंदू कल्पून भोवती दृष्टी फिरविली, तर एक वेगळेच चित्र त्याच्यासमोर उभे राहते. आग्नेयेस तेरणेच्या काठी तेर, म्हणजे प्राचीन तगर नगर. तेथे गोरोबा कुंभारांचे स्थान, त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आणि जैनांचे क्षेत्र एकाच गावात नांदतात. दक्षिणेस धाराशिवची लेणी. ईशान्येस अंबाजोगाई, जेथे 'विवेकसिंधू'कार मुकुंदराज व दासोपंत ह्यांच्या समाधी आहेत. उत्तरेस बीडजवळ कपिलधार, वीरशैव कवी मन्मथस्वामींचे समाधिस्थान. पश्चिमेस, बरेच दूर, श्रीगोंदे, जेथे शेख महंमदांनी 'योगसंग्राम' रचला. आग्नेयेसच, तेराच्याही पलीकडे, कल्याणीजवळचे नारायणपूर. तेथे शहा मुंतोजी ऊर्फ मृत्युंजय ह्यांची समाधी आहे. उत्तरेस गोदावरीच्या काठी शहागड, हे शहामुनींचे स्थान. आणि त्याच गोदावरीच्या काठी पैठण, ज्या भूमीस सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या दीर्घ वास्तव्याने महानुभावांच्या स्थानांत अढळ पद मिळाले.

अद्वैती, नाथ, वारकरी, महानुभाव, वीरशैव, जैन, सूफी ह्या सर्व मार्गांचे लोक ह्या एवढ्या प्रदेशात सहा-सात शतके एकाच भाषेत ईश्वराविषयी बोलत होते. त्यांचे शब्द पुष्कळदा सारखेच आहेत. मग त्यांचा अभिप्रायही एकच आहे काय? की शब्दांचे हे साम्य केवळ वरवरचे आहे? प्रस्तुत पाठात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

लोकभाषेचा स्वीकार

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ह्या सर्वांनी मराठीचा आश्रय केला तो विद्वत्तेच्या अभावी नव्हे. केशोबास संस्कृतात उत्तम रचना करू शकत होते. 'रत्नमालास्तोत्र' हे त्याचे प्रमाण आहे. तरीही स्मृतिस्थळात असा प्रसंग सांगितला आहे की, त्यांनी शास्त्रप्रकरण संस्कृतात करावयाचे योजिले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस आवरले; कारण तसे झाले असते तर मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. अपेक्षित श्रोता बदलला की भाषा बदलते, आणि भाषा बदलली की ईश्वरवर्णनाची रीतही बदलते. जो विषय पंडितसभेत लक्षणे व प्रमाणे ह्यांनी मांडावयाचा, तोच विषय दळणकांडण करणाऱ्या स्त्रीस सांगावयाचा झाला, तर तिच्या परिचयाच्या वस्तूंनीच सांगावा लागतो.

हाच विचार अन्यत्रही दिसतो. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, गीतार्थ ओवीत आणला. पंधराव्या शतकात जैन मुनी गुणकीर्तींनी श्रावकांसाठी 'धर्मामृत' मराठी गद्यात लिहिले. मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' मराठीत केले. इतकेच नव्हे, तर इंग्लंडात जन्मलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक फादर स्टीफन्स ह्यांनी गोव्यात 'ख्रिस्तपुराण' रचले तेही मराठी ओवीतच. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापले गेले. पुराण हे नाव, ओवी हा छंद आणि गुरुशिष्यसंवादासारखी प्रश्नोत्तरांची धाटणी ही सर्व सामग्री त्यांनी येथील परंपरेतून घेतली. ज्याचे वर्णन करावयाचे तो विषय मात्र त्यांचा स्वतःचा होता.

छंद व भाषा ही जणू गावच्या पाणवठ्यासारखी समाईक झाली होती. तेथून प्रत्येकाने आपापले भांडे भरून नेले. पाणी एकच म्हणून घरेही एकच, असा निष्कर्ष मात्र त्यावरून काढता येत नाही.

वर्णनाच्या तीन रीती

ह्या निरनिराळ्या मार्गांच्या कवींचे वाङ्मय शेजारी ठेवून पाहिले असता ईश्वरवर्णनाच्या तीन रीती स्पष्टपणे आढळतात. पहिली निषेधाची, दुसरी नात्याची आणि तिसरी लीलेची.

निषेधाची रीत म्हणजे ईश्वर कसा नाही हे सांगणे. तो आकारात सापडत नाही, इंद्रियांना गोचर होत नाही, मनाला कल्पिता येत नाही, असे म्हणत म्हणत वाणी मौनाच्या काठाशी यावी, ही तिची योजना. मुकुंदराजांच्या अद्वैतविवेचनात ही रीत शास्त्राच्या अंगाने येते, तर नाथपंथीयांच्या बोलण्यात ती योगाच्या अंगाने येते. इस्लामी धर्मविचारातही ईश्वराचे कोणत्याही निर्मित वस्तूशी साम्य नाकारण्यास 'तन्जीह' अशी संज्ञा आहे. शेख महंमद मुसलमान घराण्यात जन्मलेले असून त्यांची गुरुपरंपरा चांद बोधल्यांकडे जाते. १६४५ साली पूर्ण झालेल्या 'योगसंग्रामा'त त्यांनी निराकार ईश्वराचे प्रतिपादन केले आणि फलाशेने केल्या जाणाऱ्या क्षुद्र दैवतांच्या उपासनेवर कठोर प्रहार केले. हे प्रतिपादन वेदान्ताच्या परिभाषेत आहे, पण त्यामागील आवेशात तौहीदचा, म्हणजे ईश्वराच्या निखळ एकत्वाचा, संस्कार स्पष्ट जाणवतो.

जैन वाङ्मयात निषेधाची हीच रीत आहे, पण तिचा हेतू अगदी वेगळा आहे. दिगंबर परंपरेत खऱ्या देवाचे लक्षण सांगताना अठरा दोषांचा अभाव सांगतात. त्यास क्षुधा नाही, तृषा नाही, भय नाही, जरा नाही, राग-द्वेष नाहीत. येथे निषेध शब्दांच्या असमर्थतेमुळे येत नाही. तो शुद्धीमुळे येतो. जीवावरील कर्ममल झडून गेल्यावर जे उरते तेच देवत्व होय. वेदान्ती 'नाही' म्हणतो तेव्हा त्यास बोलता येत नाही म्हणून म्हणतो. जैन कवी 'नाही' म्हणतो तेव्हा त्यास नेमके बोलावयाचे असते म्हणून म्हणतो. निषेध तोच असला तरी त्याची दिशा दोन्ही ठिकाणी निराळी आहे.

दुसरी रीत नात्याची. जो कल्पनेत मावत नाही त्यास आई म्हणावे, सखा म्हणावे, धनी म्हणावे. वारकरी संतांनी ही रीत परमोत्कर्षास नेली. पंढरीचा विठ्ठल हा देव खरा, परंतु त्यांच्या बोलण्यात तो बहुधा माउलीच असतो. जनाबाईंच्या अभंगांत तो तिच्याबरोबर जात्याशी बसतो. ह्या वर्णनाची थोरवी कल्पनेच्या चमत्कारात नाही. घरातील सर्वांत कष्टाचे व सर्वांत उपेक्षित काम जेथे चालते, त्या ठिकाणी देवास बसविण्यात ती आहे.

येथे शेजारच्या मार्गातील एक उदाहरण मुद्दाम पाहण्यासारखे आहे. विजापुराकडील सूफींच्या परंपरेत दखनी भाषेतील 'चक्कीनामा' नावाची गीते प्रचलित होती. स्त्रिया दळताना ती गात. त्यांत जात्याच्या दांड्यास अरबी लिपीतील 'अलिफ' ह्या सरळ अक्षराची उपमा दिलेली आढळते. 'अलिफ' हे अल्लाह ह्या नामाचे आद्याक्षर. जाते फिरत राहते आणि दळणारीच्या मुठीत नामाचे अक्षर राहते, असा त्याचा भाव. जनाबाईंच्या जात्याशी साक्षात देव बसलेला आहे. चक्कीनाम्यात ईश्वर प्रत्यक्ष बसत नाही, त्याच्या नामाची खूण मात्र हातात येते. जाते एकच, पहाट एकच, श्रमही एकच. परंतु सगुणाची उपासना करणारीने ईश्वरास घरात घेतले, आणि ज्या मार्गात ईश्वरास रूप देणे निषिद्ध त्या मार्गातील स्त्रीस त्याची आठवण अक्षररूपाने दिली गेली. दोन सिद्धान्तांमधील अंतर इतक्या हळुवारपणे दाखविणारे उदाहरण शास्त्रग्रंथांतही क्वचितच सापडेल.

वीरशैवांच्या ठायी ही जवळीक निराळ्या प्रकारे साधली आहे. गुरूने दिलेले इष्टलिंग साधक अंगावर धारण करतो. देवालयात जाऊन दर्शन घ्यावयाचा देव येथे देहास चिकटूनच असतो. भक्तस्थलापासून ऐक्यस्थलापर्यंतच्या षट्स्थलांच्या क्रमाने लिंग व अंग ह्यांचे सामरस्य साधावयाचे, हा त्या मार्गाचा सिद्धान्त. नात्याची भाषा येथे उपमेपुरती राहत नाही. ती नित्याचा आचार होते.

तिसरी रीत लीलेची. ईश्वर कसा आहे हे सांगण्यापेक्षा त्याने काय केले, कोठे केले, कोणासाठी केले, हे सांगणे. महानुभाव वाङ्मयाचा विशेष ह्या रीतीत आहे. म्हाइंभटांनी सुमारे १२७८ च्या काळात 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते प्रत्यक्षदर्शी भक्तांकडे जाऊन, विचारून, आठवणी ताडून. त्यात श्रीचक्रधर स्वामींची लक्षणे व विशेषणे ह्यांची रास नाही. स्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळात बसले, कोण आले, काय विचारले, स्वामी काय बोलले, हेच आहे. परमेश्वर अवतार स्वीकारून जीवांच्या सन्निधानी येतो, हा सिद्धान्त एकदा मानला की त्याच्या वर्णनासाठी अलंकार गौण ठरतात. आठवण प्रमुख होते. संन्निधान संपल्यावर असन्निधानात भक्तास उरते ते स्मरणच. म्हणूनच गावे, ओटे, वाटा ह्यांची नोंद करणारी 'स्थानपोथी' निर्माण झाली; कारण जेथे लीला घडली ते स्थानही स्मरणाचे साधन असते.

लीलेच्या वर्णनास मर्यादा असावी काय, ह्याविषयी मार्गातच पूर्वी विचार झालेला आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपाळवध' रचला तेव्हा त्यातील शृंगार पाहून तो निवृत्तिमार्गाच्या साधकांस फारसा उपयोगी नाही, असा अभिप्राय सहकाऱ्यांकडून आला. तदनंतर त्यांनी 'उद्धवगीता' रचली, अशी परंपरा आहे. काव्य चांगले की वाईट, हा तेथे प्रश्नच नव्हता. वर्णन ऐकल्यावर श्रोत्याचे चित्त कोठे जाते, हा प्रश्न होता. परमेश्वरवर्णनाची ही कसोटी कोणत्याही मार्गाच्या काव्यास लावून पाहण्याजोगी आहे.

'ख्रिस्तपुराण'देखील मुख्यतः ह्याच तिसऱ्या रीतीचे आहे. एका विशिष्ट काळी, विशिष्ट देशी देहधारी झालेल्या ईश्वराचे चरित्र ते सांगते. महानुभाव व ख्रिस्ती ह्या दोन्ही मार्गांस ईश्वराच्या प्रत्यक्ष आगमनाचे चरित्र सांगावयाचे असल्यामुळे दोहोंनी चरित्रकथनाची वाट धरली. परंतु ख्रिस्ती मतात असे देहधारण एकदाच घडले, तर महानुभाव मतात परमेश्वराचे अवतार अनेक असून पंचकृष्णांची उपासना मार्गास संमत आहे. रीतीच्या साम्यावरून सिद्धान्ताचे साम्य गृहीत धरता येत नाही, हे येथेही दिसते.

शब्द एक, अर्थ भिन्न

आता काही शब्द घेऊन हाच विचार अधिक सूक्ष्मपणे पाहू.

'चैतन्य' हा शब्द घ्यावा. वेदान्ती कवीच्या मुखी तो आला म्हणजे परब्रह्माचेच स्वरूप अभिप्रेत असते. त्यापलीकडे काही नाही. महानुभाव शास्त्रात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार स्वतंत्र व अनादी पदार्थ आहेत. देवतांची श्रेणी कर्मभूमीच्या देवतांपासून वर वर चढत जाते, आणि त्या श्रेणीच्या शिखरावर चैतन्यमाया आहे. ती सर्वश्रेष्ठ देवता खरी, परंतु परमेश्वर नव्हे. मोक्ष देण्याचे सामर्थ्य तिच्या ठायी नाही. एका मार्गात जो शब्द शेवटची पायरी दाखवितो, तोच दुसऱ्या मार्गात शेवटच्या पायरीच्या अलीकडे थांबतो. हे न जाणता कोणी अद्वैतपर ओवी वाचून तिचा अर्थ महानुभाव परिभाषेने लावील, तर तो त्या कवीवर अन्याय करील. उलट बाजूनेही तसेच होईल.

दुसरा शब्द 'निरंजन'. नाथपंथात तो अलक्ष्य परमतत्त्वाचे नाव आहे. जैन अध्यात्मग्रंथांत त्याचा अर्थ कर्मरूपी काजळ ज्यावर उरलेले नाही असा शुद्ध आत्मा. पहिल्या अर्थी निरंजन हा सर्वांचे मूळ आहे. दुसऱ्या अर्थी तो कोणाचेही मूळ नाही. जैन मतात जगाचा कर्ता ईश्वर मानलेलाच नाही. तेथे देवत्व वरून उतरत नाही, जीव खालून चढत जाऊन ते प्राप्त करतो.

तिसरे उदाहरण 'दत्त' ह्या नामाचे. महानुभावांचे श्रीदत्तात्रेय प्रभू एकमुखी असून परमेश्वराचे अवतार आहेत; माहूर हे त्यांचे स्थान. अन्य दत्तसंप्रदायांत दत्त हे त्रिमूर्तीचे एकरूप मानले जातात व पुढे त्यांची त्रिमुखी मूर्ती रूढ झाली. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ज्यांची आयुष्यभर उपासना केली ते हेच दत्त. देवगिरीच्या जनार्दनस्वामींच्या परंपरेत तर दत्त मलंग फकिराच्या वेषात दर्शन देतात अशी आख्यायिका आहे. एकाच नामाभोवती तीन निरनिराळी वर्णने आहेत, आणि त्या प्रत्येकाच्या मागे उपासकांच्या पिढ्यांचे अनुष्ठान उभे आहे.

चौथा शब्द 'वैकुंठ'. फादर स्टीफन्स ह्यांनी ख्रिस्ती स्वर्गासाठी हाच शब्द वापरला. वैष्णवास त्या शब्दाने विष्णुलोकाचे स्मरण होते. महानुभाव शास्त्रात वैकुंठ हे देवतालोकांपैकी एक असून तेथील फल नाशिवंत आहे. एकच शब्द एका ठिकाणी अंतिम साध्य आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ओलांडून जावयाचा मुक्काम.

संज्ञांचा शेजार

शब्दांचा हा गुंता त्या काळच्या लोकांनाही जाणवत होता. त्यातून मार्ग काढण्याचे दोन प्रयत्न विशेष लक्षणीय आहेत.

पहिला मृत्युंजयांचा. परंपरेनुसार ते बिदरच्या बहामनी राजकुलातील असून कल्याणीच्या सहजानंदांचे शिष्य झाले. त्यांच्या 'पंचीकरण' ह्या प्रकरणात वेदान्तातील व सूफी मार्गातील संज्ञा एकमेकींशेजारी मांडल्या आहेत. ही मांडणी एका प्रकारे दुभाष्याचे काम करते. दुभाषा दोन्ही भाषा जाणतो. दोन्ही भाषा एकच आहेत असे तो म्हणत नाही. तसे असते तर त्याची गरजच पडली नसती.

दुसरा प्रयत्न शहामुनींचा. पेडगावच्या मुसलमान कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील ह्या कवीच्या 'सिद्धान्तबोधा'त महानुभाव तत्त्वज्ञानाची स्पष्ट छाया आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. देवता व परमेश्वर ह्यांतील भेद त्यांस विशेष पटला असावा, हे सहज समजण्यासारखे आहे. अन्य कशासही ईश्वराच्या बरोबरीस न बसविण्याचा संस्कार घेऊन आलेल्या मनास तो विचार परका वाटला नसेल. येथे शब्दांच्या साम्याने नव्हे, तर सिद्धान्तातील एका विशिष्ट भेदाच्या द्वारे एका मार्गाचा मनुष्य दुसऱ्या मार्गापर्यंत पोहोचला. भेद स्पष्ट ठेवल्याने माणसे दुरावतातच असे नाही, हे ह्यावरून दिसते.

महाराष्ट्राबाहेरही ह्या आदानप्रदानाची साक्ष आहे. नामदेवांच्या नावची ६१ पदे १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात समाविष्ट आहेत. त्यांत विठ्ठल व राम ह्यांच्याबरोबर करीम, रहीम ही नामेही येतात. ह्याच नामदेवांविषयी तेर येथील कथा सर्वश्रुत आहे. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. पुढे औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांकडे गेल्यावर, पिंडीवरील पाय जिकडे ठेवावा तिकडे पिंडीच आहे, हा बोध त्यांस झाला. कथा म्हणून तिचा विचार केला तरी तिचे मर्म ह्या पाठास उपयोगी आहे. विठ्ठलाच्या लाडक्या भक्तास व्यापकतेचा बोध झाला तो शिवालयात झाला. परंतु तो परतला पंढरीसच. दुसऱ्या मार्गाकडून शिकणे म्हणजे आपली उपासना सोडणे नव्हे, असेच ही कथा सांगते.

दोन पूर्वपक्ष

ह्यावर दोन बाजूंनी आक्षेप येऊ शकतात.

एक पक्ष म्हणतो : सर्व संतांनी एकाच ईश्वराचे वर्णन केले, नामे तेवढी निरनिराळी. मग ही चिकित्सा कशासाठी? हा पक्ष सद्भावनेचा आहे, ह्यात संशय नाही. परंतु त्याचे परिणाम तपासून पाहावेत. जैन मुनीने कर्ता ईश्वर नाकारून आयुष्यभर तप केले. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने त्याच कर्त्या ईश्वरासाठी देश सोडला. महानुभाव भिक्षूने देवतांचे दान तुच्छ मानून परमेश्वराचे अनुसरण केले. ह्या तिघांसही 'तुम्ही एकच बोलता' असे सांगणे म्हणजे ज्या गोष्टीसाठी प्रत्येकाने आपला जन्म वेचला तीच गोष्ट बिनमहत्त्वाची ठरविणे होय. ज्याचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही त्याचा सन्मान केला, असे म्हणता येणार नाही.

दुसरा पक्ष म्हणतो : साधकाची भक्ती अनन्य असावी, अन्य मार्गांच्या ग्रंथांचा अभ्यास त्यास कशास हवा? ह्याचे उत्तर असे की, अनन्यता ही उपासनेची व आचाराची आहे. अज्ञानास अनन्यता म्हणत नाहीत. अन्य मत काय म्हणते हे नीट जाणल्याशिवाय आपले मत त्याहून कोठे वेगळे आहे, हेही नीट सांगता येत नाही. चैतन्य शब्दाचा वेदान्तातील अर्थ ज्यास ठाऊक नाही, त्यास महानुभाव शास्त्राने त्या शब्दास जे स्थान दिले त्यातील मर्मही कळणार नाही. शिवाय ह्या अभ्यासात अन्य देवाची उपासना करावयाची नसते. फक्त अन्य मनुष्याचे बोलणे समजून घ्यावयाचे असते.

मग योग्य रीत कोणती? ती बाहेर शोधावयास नको. महानुभाव अध्ययनपरंपरेत सूत्र एकटे वाचीत नाहीत. स्वामींनी ते कोणत्या प्रसंगी, कोणास, कोणत्या प्रश्नावर निरूपिले, हे 'प्रकरणवशा'वरून पाहतात, आणि मगच त्याचा अर्थ लावतात. प्रकरण सोडले तर सूत्राचा विपर्यास होतो, हे प्रत्येक विद्यार्थ्यास प्रारंभीच शिकविले जाते. हीच शिस्त अन्य मार्गांच्या वचनांसही लागू करावी. शेख महंमदांचा 'निराकार', मन्मथस्वामींचे 'लिंग', गुणकीर्तींचा 'देव', स्टीफन्स ह्यांचे 'वैकुंठ' ह्या प्रत्येकास आपले प्रकरण आहे. ते पाहून अर्थ करावा. स्वतःच्या ग्रंथासाठी जो न्याय मागावयाचा तोच दुसऱ्याच्या ग्रंथास देणे, ह्यात कोणतीही सिद्धान्तहानी नाही.

न वाचले गेल्याचा अनुभव

हा न्याय किती मोलाचा आहे, हे महानुभावांस वेगळे सांगावयास नको. चौदाव्या शतकापासून मार्गातील ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. त्यामुळे पोथ्यांचे रक्षण झाले व पाठ शुद्ध राहिले, हे खरेच. परंतु बाहेरच्या वाचकास त्या वाचता येईनात. मार्ग डोळ्यांसमोर होता, त्याचे शब्द मात्र बंद होते. जेथे ग्रंथ वाचता येत नाही तेथे कर्णोपकर्णी आलेल्या गोष्टीच प्रमाण होतात. 'महानुभाव' ह्या थोर शब्दाचा 'मानभाव' झाला, आणि त्यापासून वरून एक व आतून एक अशा वृत्तीसाठी 'मानभावी' हे विशेषण मराठीत रूढ झाले. एका संपूर्ण मार्गाच्या नावाचा असा अर्थ व्हावा, ह्याचे मोठे कारण हेच की त्याचे बोलणे त्याच्या प्रकरणासह कोणी वाचलेले नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मार्गातील महंतांनी आपले भांडार दाखविले आणि वि. का. राजवाडे, वि. ल. भावे, य. खु. देशपांडे आदी संशोधकांनी ते वाङ्मय महाराष्ट्रासमोर आणले. तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच मागे गेला. 'लीळाचरित्र' मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून मान्य झाले. महदाइसेचे धवळे आद्य कवयित्रीची रचना म्हणून अभ्यासिले जाऊ लागले. २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ आले. वाचले गेल्याचे हे फळ आहे. ज्यांनी न वाचले गेल्याचे दुःख शतकानुशतके सोसले, त्यांनी तरी इतरांचे ग्रंथ न वाचता त्यांविषयी मत देऊ नये.

तात्पर्य

मराठी भूमीतील निरनिराळ्या मार्गांच्या कवींनी ईश्वराचे वर्णन समाईक भाषेत केले, परंतु समाईक सिद्धान्ताने केले नाही. त्यांच्यात जे खरोखर समान आहे ते निराळेच आहे. ईश्वराविषयी बोलताना आपले शब्द अपुरे पडतात, ही जाणीव सर्वांस आहे. म्हणून कोणी निषेधाकडे वळला, कोणी नात्याकडे, कोणी लीलेच्या स्मरणाकडे. हे अपुरे का होईना, पण बोलणे सामान्य स्त्रीपुरुषांस कळेल अशाच भाषेत झाले पाहिजे, हा आग्रहही सर्वांचा आहे. आणि क्षुद्र लाभासाठी केलेल्या उपासनेविषयीची अप्रीती महानुभाव, सूफी, जैन व वीरशैव ह्या सर्वांच्या श्रेष्ठ वचनांत आढळते. साम्य येथे आहे, ते येथेच मानावे. भेद जेथे आहे तेथे तो स्पष्ट सांगावा, आणि सांगताना सांगणाऱ्याच्या मुखी कटुता नसावी. साधकाने आपल्या उपासनेत दृढ राहून दुसऱ्याचा शब्द त्याच्या प्रकरणासह वाचावा, एवढाच ह्या पाठाचा अभिप्राय.

अभ्यासार्थ प्रश्न

१. निषेधाची रीत वेदान्ती कवी व जैन कवी ह्यांच्या ठायी कोणत्या भिन्न हेतूंनी येते, ते स्पष्ट करा.

२. 'चैतन्य' ह्या शब्दाचे वेदान्तातील व महानुभाव शास्त्रातील स्थान सांगा.

३. जनाबाईंचे जाते व चक्कीनाम्यातील जाते ह्यांत सिद्धान्तभेद कसा प्रकट होतो?

४. प्रकरणवशाचा न्याय अन्य मार्गांच्या वचनांस लावताना साधकाने कोणती दक्षता घ्यावी? एका शब्दाचे उदाहरण घेऊन लिहा.